डोळ्यांवर भागलं

डिसेंबरमधली सकाळ, नाशिकच्या एका रुग्णालयातला नवजात बाळांचा विभाग. काचेच्या पेटीतलं बाळ तिसऱ्या दिवशीही नीट रडलेलं नव्हतं. हातपाय गळालेले, पावलं आत वळलेली, वरचा ओठ मधोमध वर ओढलेला, त्यामुळे तोंड त्रिकोणी दिसायचं. दूध ओढण्याइतकी ताकद नाही म्हणून नाकातून नळी. गरोदरपणात पोटातलं पाणी वाढलेलं, बाळाची हालचाल कमी, हे कागदांवर होतंच. साखर, कॅल्शियम, थायरॉइड, जंतुसंसर्ग, मेंदूची सोनोग्राफी, सगळं करून झालं होतं. मग राउंडला आलेल्या डॉक्टरांनी पेटीकडे पाठ केली आणि बाळाच्या आईपुढे हात केला. "ताई, माझी दोन बोटं घट्ट धरा. आता पटकन सोडा." तिने धरली, पण सोडताना तिची बोटं उलगडेनात. एकेक करून सावकाश सुटली. "थंडीचं होतं असं," ती ओशाळून म्हणाली. निफाडकडची ती. द्राक्षाच्या विरळणीला सकाळी बागेत गेलं की कात्री हातातून सुटत नाही, दुसऱ्या हाताने बोटं सोडवावी लागतात, चार-सहा घड झाले की हात मोकळा होतो, असं तिनेच सांगितलं. त्या दिवसांत बागेत सगळ्यांचेच हात गारठतात, तेव्हा यात वेगळं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. शेजारी तिची आई उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पन्नाशीच्या आतच काढलेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं डोळ्यांवर भागलं. हिच्या हातात आलं. याच्या तर अंगभर झालं."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

कारण ते जवळजवळ तंतोतंत बरोबर होतं, आणि वैद्यकशास्त्राने ते कितीतरी वर्षं चूक ठरवलं होतं. या आजाराचं नाव मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, पहिला प्रकार. एका घरातल्या तिघांना तो असू शकतो आणि तिघांचे डॉक्टर तीन वेगळ्या मजल्यांवर बसलेले असतात: आजीचे नेत्रविभागात, मुलीचे हाडांच्या नाहीतर नसांच्या ओपीडीत, नातवाचे पेटीपाशी. तिघांचे केसपेपर सहसा एका टेबलावर येत नाहीत. जर्मन नेत्रतज्ज्ञ ब्रुनो फ्लायशर यांनी १९१८ मध्ये ते आणले. या रुग्णांच्या वरच्या पिढ्या शोधताना त्यांना दिसलं की आजा-पणज्यांना स्नायूंचा काहीच त्रास नव्हता, नुसता मोतीबिंदू होता. एकमेकांशी नातं नाही असं वाटणारी घरं त्या मोतीबिंदूवाल्या पूर्वजांपाशी जाऊन जोडली जात होती. हा मोतीबिंदू सुरुवातीला स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, वेगळाच दिसतो. भिंगाच्या कवचाखालच्या थरात लाल, हिरवे, निळे चमकते कण असतात. पण तो पिकला की इतरांसारखाच पांढरा होतो. शिबिरात येईपर्यंत बहुतेकांचा पिकलेला असतो आणि ती खूण कायमची पुसली जाते.

घरातली माणसं मात्र हे आपल्या भाषेत बोलत आली आहेत. आपल्या भागात अशी मालिका लागली की पुष्कळांची वाट त्र्यंबकेश्वराकडे वळते, नारायण नागबळीकडे. त्यावर हसणं सोपं आहे. पण पूजेला बसणारं घर नेमकं काय म्हणत असतं ते ऐकावं: काहीतरी वरच्या पिढीतून खाली येतंय, आणि येताना वाढतंय. कारण त्यांनी चुकीचं लावलं असेल, पण पाहिलेलं खोटं नव्हतं. डॉक्टरांच्या हाती तेव्हा खरं कारण नव्हतं, म्हणून त्यांनी पाहिलेलंच नाकारलं. दोन्हींत जास्त अशास्त्रीय काय, यावर माझं मत अजून पक्कं होत नाही.

नाकारणारा माणूस मात्र साधा नव्हता. लायनेल पेनरोज हे त्या काळातले मोठे जनुकशास्त्रज्ञ. १९४८ मध्ये त्यांनी मांडलं की पिढीगणिक आजार लवकर येतो हा आकड्यांचा भास आहे, आणि त्यांचा युक्तिवाद आजही शिकण्यासारखा आहे. ज्याला लहानपणीच जबर आजार होतो त्याला मुलं होत नाहीत, म्हणून "रुग्णाचा आजारी बाप" या गटात फक्त सौम्य आजाराचेच बाप उरतात. मूल गंभीर असेल तरच घर दवाखान्यात येतं, आणि मग आईबापांचा सौम्य आजार सापडतो. शिवाय बापाला लवकर आणि मुलाला उशिरा झालेली जोडी आपल्या यादीत येतच नाही, कारण पाहणी करताना ते मूल अजून धडधाकट असतं. नाशिकच्या कुठल्याही ओपीडीतले जुने कागद आज मांडून बसलं तर हे तिन्ही दोष त्यात निघतील. अडचण एवढीच की दोष दाखवून झाल्यावर उरलेलं सत्यही त्याबरोबर फेकलं गेलं. जनुक एका पिढीतून दुसरीत जसंच्या तसं जातं, बदललं तर लाखांत एखाद्या वेळी, हे तेव्हाचं गृहीतक. प्रत्येक पिढीत बदलणारं जनुक त्या चौकटीत बसतच नव्हतं. १९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी घरंच्या घरं नीट तपासून दाखवलं की निवडीचे दोष वगळले तरी आजार खरोखर लवकर येतोय. मग चौकट मोडायला फार वेळ लागला नाही. १९९१ मध्ये फ्रॅजाइल एक्स (बुद्धीची वाढ मंदावणारा) आणि केनेडी डिसीज (स्नायू क्षीण करणारा), १९९२ मध्ये मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, १९९३ मध्ये हंटिंग्टन (मेंदू झिजवणारा), १९९६ मध्ये फ्रीडराइख अटॅक्सिया (तोल घालवणारा) यांचं मूळ सापडलं. सगळीकडे एकच प्रकार: डीएनएतला छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला, आणि ती संख्या न टिकणारी.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत हा तुकडा १९व्या गुणसूत्रावरच्या डीएमपीके या जनुकाच्या शेवटी आहे, आणि त्या भागातून प्रथिन बनत नाही. डीएनएच्या लिपीतली सी-टी-जी ही तीन अक्षरं बहुतेक माणसांत ५ ते ३४ वेळा येतात. ३५ ते ४९ असली तर त्या माणसाला काही होत नाही, पण पुढच्या पिढीत संख्या वाढू शकते. ५० पासून पुढे आजार धरतात. दीडशेच्या आत असली तर बऱ्याचदा मोतीबिंदूपलीकडे फारसं काही दिसत नाही. त्यापुढे हजारापर्यंत तरुणपणी येणारा नेहमीचा आजार: आखडणारी मूठ, मानेचे आणि मनगटाचे स्नायू कमजोर, कपाळावरून मागे गेलेले केस, दिवसा अनावर झोप. जन्मतः गळालेल्या बाळात ही संख्या बहुधा हजाराच्या पुढे असते. या सीमा एकमेकींवर चढलेल्या आहेत. दीडशेवाल्याची मूठ आखडू शकते आणि सहाशेवाला पस्तिशीपर्यंत ट्रॅक्टर चालवत असू शकतो.

पण संख्या बदलते कशी? साधा मजकूर नकलून काढताना एक ओळ सुटली तर अर्थ तुटतो आणि चूक पुढच्याच वाक्यात कळते. रामनामाची वही लिहिताना तसं नसतं. एकशेआठच्या जागी एकशेअकरा झाले तरी कुठल्याही एका नावावर बोट ठेवून "इथे चुकलं" म्हणता येत नाही. डीएनएचे दोन धागे सुटून पुन्हा जुळताना एकसारख्या तुकड्यांच्या पट्ट्यात एक-दोन घरं पुढेमागे जुळले तरी जोड्या बरोबरच लागतात. जास्तीची घरं बाहेर फुगवटा होऊन राहतात. सी-टी-जीचा फुगवटा तर स्वतःवरच दुमडतो, त्यातले सी आणि जी एकमेकांना धरतात, आणि तो तसाच टिकून राहतो. पट्टा जितका लांब तितकी धागा असा घसरायला जागा जास्त. साधारण तीस-चाळीस सलग तुकड्यांपर्यंत हे क्वचित घडतं, त्यापुढे वाढ वाढीलाच खतपाणी घालते. सलग हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मध्ये एखादं वेगळं त्रिकूट असेल तर घसरण तिथे अडते. फ्रॅजाइल एक्सच्या एफएमआर१ जनुकात सी-जी-जीच्या पट्ट्यात दर नऊ-दहा घरांनंतर एक ए-जी-जी असतो. दोन बायकांचे अहवाल ७० असे सारखेच आले, पण एकीत असे दोन ए-जी-जी आहेत आणि दुसरीत एकही नाही, तर दुसरीच्या मुलाला धोका बराच जास्त. नुसता ७० हा आकडा हे सांगत नाही. अहवाल देणाऱ्याने वेगळं पाहिलं असेल तरच ते कळतं.

यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. फुगवटे दुरुस्त करायला पेशीत स्वतःची यंत्रणा असते. एमएसएच२ आणि एमएसएच३ या प्रथिनांची जोडी डीएनएवर असे फुगवटे शोधत असते. सापडला की कातरणारी प्रथिनं येतात. पण बऱ्याचदा कातर लागते ती समोरच्या, बरोबर असलेल्या धाग्याला, आणि मग फुगवट्याला प्रमाण मानून तिथली जागा भरली जाते. पट्टा वाढून पक्का होतो. या आजारांसाठी तयार केलेल्या उंदरांत एमएसएच३ काढून टाकलं की वाढ जवळपास थांबते. म्हणजे दुरुस्तीचा उत्साहच इथे मुळावर येतो. आणि त्यासाठी पेशी विभागलीच पाहिजे असंही नाही. ज्या पेशी पुन्हा कधी विभागत नाहीत, स्नायूतल्या आणि मेंदूतल्या, तिथेही ही दुरुस्ती चालू असते. म्हणूनच माणूस वाढतो तशी त्याच्या अंगातली संख्याही वाढत जाते, आणि स्नायूत ती रक्तापेक्षा कितीतरी जास्त निघते.

प्रथिन तर बनत नाही, मग बिघडतं काय? लांबलेल्या पट्ट्यावरून आरएनए, म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल, बनतो तो केंद्रकातच अडकून बसतो आणि एमबीएनएल१ या प्रथिनाला धरून ठेवतो. त्या प्रथिनाचं खरं काम दुसऱ्या जनुकांच्या आरएनएची योग्य जोडणी करायचं. ते अडकलं की त्या सगळ्या जोडण्या बाळाच्या वयात असतात तशाच राहतात. स्नायूतली क्लोराइडची वाट नीट बनत नाही, म्हणून मूठ सुटत नाही. इन्शुलिनचा ग्राहक नीट बनत नाही, म्हणून साखर वाढते. हृदयातल्या विजेच्या वाटा बिघडतात, म्हणून ठोके अडतात. थंडीत मूठ जास्त वेळ अडकते आणि तीच हालचाल चार-सहा वेळा केली की सैल होते. बागेत कात्री सोडवणाऱ्या त्या मुलीने सांगितलेलं वर्णन पाठ्यपुस्तकातल्याइतकं नेमकं होतं. फक्त ते ऐकणारं बागेत कुणी नव्हतं.

आता घरातला सगळ्यात नाजूक भाग. जन्मतः गंभीर असणारं बाळ बहुतेक वेळा आईकडून आलेलं असतं. शुक्रपेशीत हजाराच्या पुढच्या संख्या क्वचितच टिकतात, स्त्रीबीजात टिकतात. हंटिंग्टनमध्ये उलटं आहे: मोठी उडी बहुधा बापाकडून येताना पडते, आणि विशीच्या आत आजार झालेल्या मुलांत बहुतेकांचा आजारी पालक बापच असतो. फ्रॅजाइल एक्समध्ये वाहक बाप आपलं एक्स गुणसूत्र सगळ्या मुलींना देतो, पण पूर्ण आजार होण्याइतकी वाढ आईकडून येतानाच होते. ५५ ते २०० या वाहक पट्ट्यातून २०० च्या पुढे जाऊन जनुक बंद पडतं ते तिथे. फ्रीडराइखमध्ये आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते आणि दोघं धडधाकट असतात. हे सगळं तक्त्यात मांडायला सोपं आहे. पण "आईकडून" हा शब्द सासरच्या चार माणसांत उच्चारला की पुढची दहा वर्षं तो शब्द त्या बाईला पुरतो. म्हणून तो लपवावा का? लपवला तर तिच्या भावाला, बहिणीला, मावशीला कुणी तपासणार नाही, आणि पुढच्या गरोदरपणी पुन्हा अंधार. मला दिसणारा मार्ग असा की आधी दोघांना वेगळं बसवून सांगावं, आणि सांगताना हेही सांगावं की ही घसरण प्रत्येक माणसाच्या अंगात कुठे ना कुठे चालू असते, नशीब एवढंच की बहुतेकांचे पट्टे आखूड असतात. यानेही सासू गप्प बसेल असं नाही. पण नवऱ्याने आधी ऐकलेलं असलं तर फरक पडतो.

दुसरी चूक अहवालाच्या आकड्याबाबत होते. कागदावरचा आकडा त्या दिवशीच्या रक्ताचा असतो. रक्तातली संख्या वयाबरोबर वाढते. आजीचं रक्त साठाव्या वर्षी तपासलं आणि नातवाचं जन्माच्या दुसऱ्या दिवशी, तर त्या दोन आकड्यांची तुलना सरळ होत नाही. कधी कधी पुढच्या पिढीचा आकडा लहान आलेला दिसतो आणि घरात आनंद होतो, पण तो आईचा आकडा उतारवयात फुगलेला असल्यामुळे झालेला भास असू शकतो. हंटिंग्टनमध्ये रक्तातला आकडा जास्त भरवशाचा. २६ पर्यंत साधा, २७ ते ३५ मधला, ३६ ते ३९ म्हणजे आजार होईल किंवा होणारही नाही, ४० पासून होणारच. तरी आजार कोणत्या वर्षी सुरू होईल यातला जेमतेम अर्धा ते दोन-तृतीयांश फरकच त्या आकड्याने उलगडतो. उरलेल्याचा काही भाग पुन्हा त्या दुरुस्ती-यंत्रणेच्या जनुकांपाशी जातो, एमएसएच३ आणि त्याच्या सोबत्यांपाशी. एफएएन१ हे प्रथिन उलट बाजूने राखण करतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मेंदूतल्या एकेका पेशीत संख्या मोजली गेली. चाळीसच्या आसपास जन्मलेला पट्टा कित्येक दशकं हळूहळू ऐंशीपर्यंत जातो, मग वेग धरतो, आणि दीडशे ओलांडल्यावर ती पेशी बिघडू लागते. एवढी वर्षं ती पेशी जवळपास ठणठणीत काम करत असते. हे वाचून धीर येतो की भीती वाटते, ते वाचणाऱ्याच्या वयावर आहे.

आता तपासणी. इथे घरांचे पैसे आणि महिने सगळ्यात जास्त वाया जातात. पहिला खड्डा एक्झोमचा, म्हणजे जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग एकदम वाचणाऱ्या चाचणीचा. हल्ली निदान लागत नसलं की "सगळी जनुकं बघून घेऊ" म्हणून एक्झोम पाठवतात. त्यात डीएनए साधारण दीडशे-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचलं जातं. ५० वेळा आलेलं सी-टी-जी म्हणजे बरोबर १५० अक्षरं. संपूर्ण तुकडा नुसत्या सी-टी-जीने भरलेला निघाला, तर तो पट्ट्यातल्या कुठल्या जागचा आणि एकूण घरं किती, हे त्या तुकड्यावरून कळणार कसं? शिवाय डीएमपीकेचा हा भाग प्रथिनाच्या बाहेर असल्याने एक्झोमच्या जाळ्यात नीट येतही नाही. अहवालात "दोष आढळला नाही" असं छापून येतं आणि घर निर्धास्त होतं. पूर्ण जीनोमच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या, वाचनातून संगणकाने अंदाज काढता येतो, पण तो इशारा समजावा. लांब पल्ल्याचं नॅनोपोर वाचन पट्टा अखंड वाचतं, मात्र ते अजून रोजच्या वापरातलं नाही. मूठ सुटत नसेल तर चिठ्ठीवर सरळ "डीएमपीके सीटीजी" असं लिहून मागणं हाच सोपा मार्ग.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचं, मोठ्या माणसाचं ३-४ मिलि, बाळाचं १ मिलि पुरतं. नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. हिरव्या झाकणाची नळी नको. तिच्यातलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याची क्रिया, अडवतं. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी काढावा, नाहीतर दात्याच्या पेशी त्यात मिसळतात. कसारा घाट उतरून मुंबईला जाणाऱ्या डब्यात बर्फाची पिशवी नळीला टेकू देऊ नये; रक्त थंड हवं, गोठलेलं नको. आणि फॉर्मवर आईची मूठ, आजीचा मोतीबिंदू हे सगळं लिहावं. तो रकाना बहुतेक वेळा कोराच जातो.

प्रयोगशाळेत पहिल्या पायरीला पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना प्रायमर (प्रत जिथून सुरू व्हायची ते डीएनएचे छोटे तुकडे) लावून साधा पीसीआर करतात. एका प्रायमरला चमकणारा रंग जोडलेला असतो. तयार झालेले तुकडे केशनलिकेतून धावतात, त्यांची लांबी मोजतात, त्यातून पट्ट्याबाहेरची अक्षरं वजा करून तीनने भागतात. यंत्राचं मोजमाप थोडं सरकतं, म्हणून ज्याची संख्या आधीच माहीत आहे असा नमुना प्रत्येक वेळी शेजारी चालवावा लागतो. धोका असा की या पीसीआरमध्ये आखूड प्रत नेहमी जिंकते. मोठी प्रत वाढतच नाही. आलेखावर एकच शिखर दिसतं, समजा ५ वर. याचे दोन अर्थ निघतात. आई आणि बाप दोघांकडून ५ आले, जे अगदी शक्य आहे, कारण ५ ही बऱ्याच लोकांत आढळणारी संख्या आहे. किंवा एक ५ आहे आणि दुसरी हजार, जी दिसलीच नाही. एका शिखरावर "सामान्य" असा शिक्का मारणारी प्रयोगशाळा बदलावी, असं मी स्पष्टच म्हणेन. पुढची पायरी त्रिकूट-प्रायमरच्या पीसीआरची. त्यात एक प्रायमर पट्ट्याबाहेर बसतो, दुसरा पट्ट्याच्या आतच, कुठल्याही घरावर. या दुसऱ्याला एक शेपटी असते आणि तो इतरांच्या दहाव्या हिश्श्याइतकाच घालतात. तो संपला की शेपटीशी जुळणारा तिसरा प्रायमर काम पुढे नेतो. आलेखावर तीन-तीन अक्षरांच्या अंतराने उतरत जाणारी शिखरांची रांग दिसते. निरोगी माणसाची रांग लवकर थांबते. वाढ असेल तर ती ५० च्या पुढे बारीक होत होत लांबवर जाते. वाढ आहे की नाही, एवढंच ही पायरी सांगते. नेमका आकडा हवा तर सदर्न ब्लॉट, म्हणजे डीएनए कापून त्याचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून पाहणं: पाच-दहा मायक्रोग्रॅम डीएनए, बरेच दिवस, आणि शेवटी स्वच्छ पट्टीऐवजी पुसट ओघळ, कारण प्रत्येक पेशीत संख्या वेगळी. काही घराण्यांत पट्ट्याच्या एका टोकाला सी-सी-जी शिरलेले असतात. त्या टोकाकडून केलेली चाचणी फसते, दुसऱ्या टोकाकडून केलेली बोलते. म्हणून लक्षणं घट्ट जुळत असतील आणि अहवाल "नाही" म्हणत असेल तर दोन्ही बाजूंनी केलं का, एवढं विचारावं.

पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांदरम्यान वारेचा अंश घेऊन तपासता येतं. त्यात आईच्या ऊतीचा कण राहिला तर आईचाच वाढलेला पट्टा बाळाचा म्हणून वाचला जातो. तो मिसळला नाही याची वेगळी खातरजमा अहवालात असायला हवी. नोंदणीकृत केंद्र, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचे फॉर्म, लिंग न सांगणं, हे सगळं आलंच. प्रत्येक वेळी शक्यता निम्मी. आकडा कळला तरी बाळ किती आजारी असेल हे त्यावरून नेमकं सांगता येत नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

धडधाकट भावंडांनी तपासून घ्यावं का, यावर मी हंटिंग्टन आणि मायोटॉनिक डिस्ट्रॉफी यांना एका तराजूत घालत नाही. हंटिंग्टनमध्ये आज थांबवणारं औषध नाही. न कळण्याचा हक्क तिथे खराखुरा हक्क आहे आणि अठराच्या आतल्या निरोगी मुलाला तपासू नये हा संकेत जगभर पाळला जातो. लग्न ठरवताना दुसऱ्या बाजूने अहवाल मागणं तर सरळ अन्याय. मायोटॉनिकमध्ये मात्र कळण्याचा उपयोग आहे, कारण इथे जीव जातो तो बऱ्याचदा हृदयाचे ठोके अडल्याने, आणि त्यावर पेसमेकर आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगितलेलं असलं तर ते सक्सिनिलकोलीन हे स्नायू ढिले करणारं औषध टाळतात, अफूवर्गीय औषधं जपून वापरतात आणि ऑपरेशननंतर श्वासावर जास्त वेळ लक्ष ठेवतात. न सांगता झालेलं साधं सिझेरियन किंवा पित्ताशयाचं ऑपरेशनही महागात पडू शकतं. बाळंतपणात गर्भाशय नीट आकसत नाही, रक्तस्राव वाढतो. तेही आधी माहीत असलेलं चांगलं. मूठ सैल करायला मेक्सिलेटीन आहे, पण हृदय तपासल्याशिवाय नाही. वर्षातून एकदा साखर. दिवसा झोप अनावर होत असेल तर गाडी आणि ट्रॅक्टर यांच्याबद्दल स्पष्ट बोलणं.

पेटीतल्या बाळांबद्दल एक गोष्ट घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. पहिले आठवडे जड असतात. महिन्याहून जास्त काळ यंत्राच्या श्वासावर राहिलेल्या बाळांचं भवितव्य जास्त कठीण. पण जी बाळं त्यातून निघतात त्यांचं गळालेपण सुधारतं, बहुतेक जण उशिरा का होईना चालतात, शिकण्यात मदत लागते. मूठ आखडणं त्यांच्यात जन्मतः नसतंच. ते पुढे, वाढत्या वयात येतं. म्हणून तर अशा बाळाचं निदान आईच्या हातावर करावं लागतं.

संख्या वाढणंच थांबवावं, एमएसएच३ला आवर घालावा, अडकलेला आरएनए नष्ट करावा, या तिन्ही दिशांनी औषधांवर काम चालू आहे. तोवर हातात आहे तो ईसीजी. मामा, मावशी, त्यांची मोठी मुलं, ज्याची मूठ आखडते किंवा ज्याचा मोतीबिंदू पन्नाशीच्या आत निघाला तो प्रत्येक जण, वर्षातून एकदा. पीआर (ठोक्याची वीज हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्यांत पोचायला लागणारा वेळ) २४० मिलिसेकंदांवर किंवा क्यूआरएस (ती खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ) १२० वर गेला, किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर थेट हृदयतज्ज्ञाकडे. ईसीजी तालुक्याच्या रुग्णालयातही निघतो. त्या कागदावरच्या रेघा हळूहळू पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवावी. पुढच्या वर्षी पीआर १८० वरून २१० वर गेलाय हे जुना कागद शेजारी असेल तरच दिसतं.